लेमन, लाइम, महाळुंग आणि आपले लिंबू : एका नावाखालची अनेक फळे, अनेक अर्थ

धागालेखक

इंग्रजी मजकूर मराठीत आणताना ‘लेमन’ आला की आपण ‘लिंबू’ लिहितो आणि ‘लाइम’ आला तरी ‘लिंबू’च लिहितो. रोजच्या व्यवहारात याने काही बिघडत नाही. परंतु इतिहास, वैद्यक, वनस्पतिशास्त्र किंवा व्यापार यांविषयी लिहिताना या एका शब्दाखाली दोन निरनिराळी फळे झाकली जातात. असा घोळ जगातल्या अनेक भाषांत आहे आणि निदान एकदा तरी त्याची किंमत माणसांनी आपल्या आरोग्याने मोजलेली आहे. म्हणून हा विषय सविस्तर मांडावा असे वाटले.

आधी फळे वेगळी करून घेऊ. पातळ सालीचे, लहान, गोलसर असे जे कागदी लिंबू आपण ओळखतो, त्याचे शास्त्रीय नाव सिट्रस ऑरँटिफोलिया. इंग्रजीच्या काटेकोर वापरात ते लाइम ठरते. लेमन म्हणजे सिट्रस लिमॉन. हे फळ लांबट, जाड सालीचे आणि टोकाशी बोंडासारखे निमुळते होणारे असते. लिंबूवर्गातील फळांच्या जनुकसंचाचा मोठा अभ्यास २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि या दोघांची वंशावळ बरीच स्पष्ट झाली. लेमन हे कडू संत्रे आणि महाळुंग (जाड सालीचे लिंबूवर्गीय फळ, इंग्रजीत सिट्रॉन) यांच्या संकरातून आले. त्यातले कडू संत्रे स्वतःच पपनस आणि मँडरिन यांचा संकर आहे. कागदी लिंबू हे सिट्रस मायक्रँथा नावाची एक रानटी जात आणि महाळुंग यांच्या संकरातून झाले. दोन्ही संकरांत पराग महाळुंगाचा होता, म्हणजे ही एकाच बापाची, पण दोन वेगळ्या आयांची भावंडे आहेत. पुढे या भावंडांचाही आपसांत संकर झाला आणि त्यातून बिनबियांचे ताहिती लाइम उपजले. वनस्पतींचे शास्त्रीय वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये लेमनला स्वतंत्र जातीचा मान न देता महाळुंगाचाच एक प्रकार म्हणून नोंदवले होते. जनुके पाहण्याचे कोणतेही साधन हाताशी नसताना त्याने हे नाते ओळखले, याचे मला विशेष कौतुक वाटते.

आता नावे पाहू. संस्कृतातील ‘निम्बू’ आणि फारसीतील ‘लीमू’ ही एकाच साखळीतील रूपे मानली जातात. फारसीतून अरबीत ‘लैमून’ झाले आणि भूमध्य समुद्राच्या व्यापारमार्गांनी ते इटालियन व फ्रेंच भाषांत ‘लिमोने’, ‘लिमाँ’ या रूपांनी पोचून शेवटी इंग्रजीत ‘लेमन’ म्हणून स्थिरावले. अरबीतच ‘लीमा’ असे आणखी एक रूप होते. त्यापासून स्पॅनिश ‘लीमा’ आणि फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘लाइम’ आले. एका मुळाचे असे दोन फाटे फुटले आणि कोणत्या फळाला कोणता फाटा चिकटेल हे प्रत्येक देशाने आपापल्या परीने ठरवले. स्पेनमध्ये ‘लिमोन’ म्हणजे पिवळे लेमन, तर मेक्सिकोत ‘लिमोन’ म्हणजे हिरवे लाइम. पोर्तुगालमध्ये ‘लिमाँव’ पिवळे असते, तर ब्राझीलमध्ये तेच नाव हिरव्या फळाला आहे आणि पिवळे हवे असेल तर ‘सिसिलीचे लिमाँव’ असे म्हणावे लागते. फ्रेंचांनी लेमनला ‘सित्राँ’ म्हटले, लाइमला ‘हिरवे सित्राँ’ म्हटले आणि महाळुंगासाठी ‘सेद्रा’ हा वेगळा शब्द ठेवला. इंग्रजीत मात्र ‘सिट्रॉन’ म्हणजे महाळुंग. त्यामुळे फ्रेंच मजकुरातला ‘सित्राँ’ जसाच्या तसा इंग्रजीत उचलला तर फळच बदलते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीतही ‘लेमन आणि लाइम’ असा एकच रकाना असतो. भारत आणि मेक्सिको यांचे त्यातले उत्पादन बहुतांशी लाइमचे असते, अर्जेंटिनाचे बहुतांशी लेमनचे. त्या रकान्यावरून देशांची तुलना करणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवे.

किंमत मोजावी लागली असे वर म्हटले, तो प्रसंग स्कर्व्हीचा, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराचा. जेम्स लिंड या ब्रिटिश आरमाराच्या शल्यवैद्याने १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ या जहाजावर स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. कोणाला सफरचंदाची आंबवलेली दारू, कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचे पाणी, आणि एका जोडीला रोज दोन संत्री व एक लेमन. फळांचा साठा सहा दिवसांतच संपला, पण तेवढ्यात त्या जोडीतला एकजण कामावर परतण्याइतका बरा झाला आणि दुसऱ्यावर इतर आजाऱ्यांची शुश्रूषा सोपवता आली. एवढे स्पष्ट फळ दिसूनही आरमाराने लेमनचा रस अधिकृतपणे स्वीकारायला १७९५ साल उजाडले. त्यानंतर मात्र आरमारातून स्कर्व्ही जवळजवळ हटली.

खरी चूक त्यानंतर झाली. त्या काळच्या इंग्रजीत ‘लेमन ज्यूस’ आणि ‘लाइम ज्यूस’ हे शब्द एकमेकांऐवजी सर्रास वापरले जात आणि भूमध्य प्रदेशातून येणारा लेमनचा रसही कागदोपत्री बऱ्याचदा ‘लाइम ज्यूस’ म्हणून नोंदला जाई. १८६० च्या दशकात आरमाराने वेस्ट इंडीजमधील ब्रिटिश वसाहतींतून आलेल्या खऱ्याखुऱ्या लाइमचा रस घ्यायला सुरुवात केली, तेव्हा औषध बदलले आहे हे कोणाच्या लक्षातच आले नाही, कारण नाव तेच राहिले होते. ताज्या लेमनच्या १०० ग्रॅम गरात क जीवनसत्त्व साधारण ५० मिलिग्रॅम असते, लाइममध्ये ते साधारण ३० मिलिग्रॅमच भरते, आणि साठवलेल्या रसात ही तफावत आणखी वाढते. १८७५-७६ च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्हीने माणसे पुन्हा आजारी पडली आणि फळांचा रस हा उपाय खरा आहे की नाही, याचीच वैद्यकाला शंका येऊ लागली. डबाबंद मांसातील विषामुळे स्कर्व्ही होते, असे मत त्यानंतर बळावले. हातात आलेले ज्ञान असे निसटावे, ही गोष्ट मला अतिशय दुःखद वाटते. १९१८ च्या सुमारास लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही रसांची प्रयोगाने तुलना केली आणि लाइमच्या रसाची स्कर्व्हीरोधक शक्ती लेमनच्या सुमारे एक चतुर्थांश असल्याचे दाखवले. त्यांच्याच सहकारी ॲलिस हेंडरसन स्मिथ यांनी जुनी कागदपत्रे तपासून, ज्या ‘लाइम ज्यूस’ने पूर्वी खलाशी बरे झाले तो रस लेमनचा होता, हे उजेडात आणले.

या नावाचे आणखी अर्थ आणि आणखी घोळ जाणकारांनी इथे मांडावेत, ही विनंती.

प्रतिसाद १

लेख आवडला. एक शंका आहे. पिवळे ते लेमन आणि हिरवे ते लाइम, अशी साधी खूण लक्षात ठेवली तर पुरेसे होणार नाही का? परदेशी पाककृती वाचताना मी आजवर हीच खूण वापरत आलो आहे.

धागालेखक

ती खूण दगा देते. झाडावर पुरेसे पिकू दिले तर लाइमसुद्धा पिवळे होते. बाजारात ते हिरवे दिसते, कारण ते तसेच तोडले जाते. उलट, लेमनला पिवळेपणा यायला थंड रात्री लागतात. थंडीने सालीतील हरितद्रव्य विरते आणि खालचा पिवळा रंग वर येतो. जिथे रात्री उबदार असतात त्या उष्ण प्रदेशांत पूर्ण पिकलेले लेमनही हिरवटच राहू शकते. रंगापेक्षा आकार, सालीची जाडी आणि वास यांवर भरवसा ठेवावा. लिहिताना मात्र पहिल्या उल्लेखाच्या वेळी शास्त्रीय नाव देऊन टाकणे सर्वांत सुरक्षित.

प्रतिसाद २

आपण निम्बू-लीमू ही साखळी दिलीत, परंतु आपल्या भाषेतला सर्वांत जवळचा घोळ त्यात राहून गेला आहे. मराठीत ‘लिंब’ म्हणजे कडुनिंब आणि ‘लिंबू’ म्हणजे आंबट फळ. ‘लिंबोणी’ म्हणजे लिंबाचे झाड हे म्हणतानाच ‘लिंबाचे’ हे रूप दोन्ही शब्दांचे होऊ शकते, म्हणजे ते लिंबूचे की लिंबचे हे संदर्भावरून ठरवावे लागते. त्यात ‘ल’ आणि ‘न’ यांची अदलाबदल आपल्याकडे सहज होत असल्यामुळे निंब, लिंब, निंबोणी, लिंबोणी, निंबोळी, लिंबोळी ही सारी रूपे फिरत राहतात. यांतली निंबोळी किंवा लिंबोळी म्हणजे नेहमी कडुनिंबाचे फळ. जुन्या कवितेत ‘निंबोणी’ आली की कवीला कोणते झाड अभिप्रेत असावे यावर वाचकांचे वाद झडतात आणि दोन्ही बाजूंना थोडाफार आधार सापडतो.

आता जे सांगणार आहे ते मला स्वतःला फार मोलाचे वाटते. ही दोन झाडे वेगवेगळ्या कुळांतली, लिंबू रुटेसीचे आणि कडुनिंब मेलिएसीचे, पण ही दोन्ही कुळे सॅपिंडेलीज या एकाच गणात येतात. लिंबूवर्गीय फळांच्या बियांत लिमोनिन नावाचे एक कडू द्रव्य असते. त्याच्यासारखी रचना असलेल्या संयुगांच्या गटाला रसायनशास्त्राने लिमोनॉइड हे नाव दिले. कडुनिंबातील किडीला रोखणारे ॲझाडिरॅक्टिन आणि त्यातले निंबिन ही दोन्ही द्रव्ये याच गटात मोडतात. म्हणजे कडुनिंबाच्या कडवटपणाचे शास्त्रीय नाव लिंबावरून पडलेले आहे. लिंबूवर्गीय फळांचा काढलेला रस बराच वेळ ठेवला की कडवट होत जातो, त्यामागेही हेच लिमोनिन असते. अखंड फळात ते आपल्या बेचव पूर्वरूपात असते आणि रस निघाल्यावर आम्लाच्या संगतीत हळूहळू त्याचे लिमोनिन बनते.

प्रतिसाद ३

रसायनशास्त्राचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी जोडतो. लिमोनीन हे नाव उच्चारात लिमोनिनच्या अगदी जवळचे असले तरी द्रव्य निराळे आहे. ते सालीतील तेलात असते. नाव लेमनवरून पडले असले तरी त्याचा मोठा पुरवठा संत्र्याच्या सालीतून होतो, कारण संत्र्याच्या तेलात ते नव्वद टक्क्यांहून जास्त असते. लेमनचा ओळखीचा वास मुख्यतः सिट्रालमुळे येतो आणि ते सिट्राल गवती चहाच्या तेलात लेमनच्या तेलापेक्षा कितीतरी अधिक असते. संत्रे आणि लेमन यांच्या वासातला फरक लिमोनीनच्या एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रूपांमुळे पडतो, असे अनेक पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे शिकवले गेले. प्रत्यक्षात दोन्ही फळांत प्रामुख्याने एकच रूप आढळते. हा चुकीचा पाठ अजूनही वर्गांतून दिला जातो, तो थांबला पाहिजे.

आम्लाचे नावही पाहण्यासारखे आहे. कार्ल शील याने १७८४ मध्ये लेमनच्या रसातून सायट्रिक आम्ल स्फटिकरूपात वेगळे केले. आज मात्र कारखान्यांत ते प्रामुख्याने ॲस्परजिलस नायजर या बुरशीकडून साखरेवर तयार करून घेतले जाते. डब्यावर ‘सायट्रिक’ वाचून आत लिंबाचा अंश असेल असे समजण्याचे कारण नाही.

प्रतिसाद ४

स्कर्व्हीच्या प्रसंगाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. सारा दोष नावावर टाकणे मला पटत नाही. रस गाळताना आणि वाहून नेताना तांब्याची भांडी व नळ्या वापरल्या जात, आणि तांब्याच्या संपर्काने क जीवनसत्त्व झपाट्याने नष्ट होते. रस हवेत आणि उजेडात महिनोन्महिने राहत असे. त्यातच वाफेच्या जहाजांमुळे प्रवास लहान झाले आणि मधल्या बंदरांत ताजे अन्न मिळू लागले. त्यामुळे रस निकामी असला तरी कित्येक वर्षे ते उघडकीला आले नाही. आर्क्टिक मोहिमेत बर्फावरून घसरगाड्या ओढत गेलेल्या तुकड्यांनी तर रस बरोबर नेलाच नव्हता. मग लेमन आणि लाइम यांतल्या गोंधळाचा त्या तुकड्यांशी संबंध कसा जोडायचा?

धागालेखक

आपण दिलेली कारणे खरीच आहेत आणि ती मांडल्याबद्दल मनापासून आभार. परंतु त्या मोहिमेनंतर जी चौकशी झाली तिचा रोख पाहा. घसरगाड्यांबरोबर लाइमचा रस दिला नाही, हाच मोहिमेच्या नेत्यावर ठपका ठेवला गेला. तो रस कोणत्या फळाचा होता आणि त्यात पूर्वीचा गुण उरला होता का, हा प्रश्न चौकशीचा विषय झाला नाही. तांबे, उजेड, साठवण हे सारे तपासायला कोणाला तरी आधी शंका यावी लागते. जुन्या नोंदीत ‘लाइम ज्यूस’, नव्या नोंदीत ‘लाइम ज्यूस’, असे असताना ती शंका यावी कशी? रसाचा गुण घटवला तो फळाने, धातूने आणि साठवणीने. नावाने केले ते एवढेच की ही घट पन्नासेक वर्षे कोणाला दिसू दिली नाही.

प्रतिसाद ५

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून ‘लेमन’च्या आणखी एका अर्थाविषयी लिहिते. अमेरिकी बोलीभाषेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ‘लेमन’ म्हणजे फसवी किंवा टाकाऊ वस्तू, आणि पुढे विशेषतः दोष असलेली मोटार, असा अर्थ रूढ झाला. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर जो निबंध लिहिला त्याच्या शीर्षकात हाच शब्द आहे. त्यांचा विचार थोडक्यात असा. गाडी चांगली आहे की सदोष, हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरसकट मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून काढता पाय घेतात. उरलेल्यांत सदोष गाड्यांचे प्रमाण वाढते, किंमत आणखी उतरते आणि शेवटी बाजारच कोलमडू शकतो. हा निबंध तीन नियतकालिकांनी नाकारल्यावर चौथ्याने छापला. त्याच विचारासाठी अकेरलॉफ यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिगलिट्झ यांच्यासमवेत २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विमा, कर्ज, नोकरभरती अशा ज्या व्यवहारांत एका बाजूला अधिक माहिती असते, तिथे सर्वत्र हा युक्तिवाद लागू पडतो. मराठी लेखांत त्या शीर्षकाचे ‘लिंबांचा बाजार’ असे भाषांतर मी पाहिले आहे. त्याने वाचकाला काहीच बोध होत नाही. ‘सदोष मालाचा बाजार’ म्हणणे योग्य ठरेल.

सदोष गाडीच्या ग्राहकाला संरक्षण देणाऱ्या अमेरिकी कायद्यांना ‘लेमन लॉ’ म्हणतात. कनेक्टिकट राज्याने असा कायदा १९८२ मध्ये केला आणि मग इतर राज्यांनीही केले. अमेरिकी कायद्यातच ‘लेमन टेस्ट’ म्हणून दुसरे एक प्रकरण आहे आणि त्याचा मोटारींशीही संबंध नाही, फळाशीही नाही. सरकार आणि धर्म यांच्यातील अंतर मोजण्याची ती कसोटी १९७१ च्या ‘लेमन विरुद्ध कर्ट्झमन’ या खटल्यातून आली आणि लेमन हे त्यातील वादीचे आडनाव होते. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कसोटी बाजूला ठेवली.

प्रतिसाद ६

मोटारींवरून आठवले. सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीचे नाव संस्थापक आंद्रे सित्रोएन यांच्या आडनावावरून आहे. त्यांचे घराणे मूळचे नेदरलँड्सचे. पूर्वज फळविक्रेते होते आणि त्यांचे आडनाव ‘लिमुनमान’, म्हणजे लाइमवाला, असे होते. पुढच्या पिढीने ते बदलून ‘सित्रून’ केले आणि डच भाषेत त्याचा अर्थ लेमन असाच आहे. लाइमवरून लेमनवर गेलेले आडनाव माझ्या पाहण्यात तरी हे एकच आहे.

आपल्या मराठीतला ‘लिंबूटिंबू’ही या धाग्यात नोंदवायला हवा. खेळात ज्या लहानग्याला सामील तर करून घ्यायचे, पण ज्याच्यावर राज्य यायचे नाही, तो लिंबूटिंबू. इंग्रजीतल्या लेमनसारखा त्यात फसवणुकीचा भाव नाही. त्यात लहानाला सांभाळून घेण्याची माया आहे आणि म्हणून मला तो शब्द फार प्रिय आहे.

प्रतिसाद ७

भाषांतर करणाऱ्यांच्या उपयोगासाठी, लिंबाशी नाते असल्यासारखे भासणारे पण नाते नसलेले काही शब्द देतो. लिमोनाइट हे लोहाचे पिवळसर तपकिरी खनिज आहे. त्याचा रंग पाहून नाव लेमनवरून पडले असावे असे वाटते, पण ते कुरण या अर्थाच्या ‘लेइमोन’ या ग्रीक शब्दावरून घेतले आहे, कारण हे खनिज दलदलीच्या कुरणांत सापडत असे. लिमोनियम या फुलझाडाचे नावही त्याच ग्रीक शब्दावरचे. ‘लेमन सोल’ हा चपटा मासा आहे. त्याच्या नावाचा संबंध चपट्या माशांना लावल्या जाणाऱ्या ‘लिमांद’ या फ्रेंच शब्दाशी जोडला जातो. सिट्रीन हा पिवळा स्फटिक मात्र खरोखर सिट्रॉनच्या रंगावरून ओळखला जातो.

‘लाइम’ची अडचण याहून मोठी आहे, कारण इंग्रजीत तिथे तीन वेगळ्या मुळांचे शब्द एकाच उच्चारात मिसळले आहेत. एक लाइम म्हणजे आपले फळ. दुसरे लाइम म्हणजे चुना, आणि चुनखडी किंवा नाटकगृहातला पूर्वीचा ‘लाइमलाइट’ या गोष्टी त्यावरून आल्या. चुन्याची कांडी ज्योतीत तापवून तो झगझगीत प्रकाश मिळवला जाई. तिसरे लाइम म्हणजे युरोपात रस्त्यांच्या कडेला लावतात तो लिंडेन वृक्ष, शास्त्रीय नाव टिलिया, आणि त्याला लिंबासारखे फळ येत नाही. युरोपीय कादंबरीतल्या पात्रांना ‘लिंबाच्या झाडांच्या दुतर्फा रांगांतून’ फिरायला पाठवणारी भाषांतरे मी वाचली आहेत. तिथे ‘लिंडेन’ हाच शब्द ठेवावा, कारण प्रतिसाद २ मध्ये सांगितल्याप्रमाणे मराठी वाचक त्या ‘लिंबा’चा अर्थ कडुनिंब असाही घेईल.